बारा पुस्तकांचा नेम

(तालुक्याच्या महिला मेळाव्यात वाचनगटांच्या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या फलकावर सत्राचं नाव लिहिलंय, 'वर्षाचा वाचनसंकल्प कसा करावा'. ते नाव मीच दोन महिन्यांपूर्वी सुचवलं होतं. आज कुणी विचारलं असतं तर 'कसा करू नये' असं लिहायला सांगितलं असतं. पण फलक रंगवून झाला होता, आणि रंगवणाऱ्या मैत्रिणीने त्याचा एक पैसा घेतलेला नाही. तेव्हा राहू दे.

मी गेली अकरा वर्षं एका महिला समुपदेशन केंद्रात काम करते. सकाळी तंटे ऐकायचे, दुपारी अर्ज लिहायचे, संध्याकाळी वस्तीत बैठक. वाचनगट हा माझ्या नोकरीचा भाग नाही, तो आम्ही हौसेने सुरू केला. मला धरून बावीस जणी. सात घरकाम करणाऱ्या, दोन अंगणवाडीताई, दवाखान्यात आया म्हणून काम करणारी एक, शिवणकाम करणाऱ्या तिघी, पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी, दोन निवृत्त शिक्षिका, आणि बाकीच्या 'मी काय, घरीच असते' म्हणणाऱ्या. घरीच असते म्हणणारीला सगळ्यांत कमी वेळ असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

वर्षाला अमुक इतकी पुस्तकं वाचायचीच, ही कल्पना गटात मी आणली. ती कुठून आणली हे आधी कबूल करते. एम.एस.डब्ल्यू. करायला शहरात गेले तेव्हा वसतिगृहातल्या मुली 'गुडरीड्स'वर होत्या. वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायची ती जागा. तिथे २०११ सालापासून दर वर्षी वाचनाचं आव्हान असतं. जानेवारीत आपला आकडा जाहीर करायचा, एकेक पुस्तक संपलं की नोंदवायचं, मग पट्टी भरत जाते. मी चाळीस जाहीर केली आणि त्रेचाळीस वाचली. वाचली म्हणजे काय, ते ऐका. दिवाळीनंतर मी कपाटापुढे उभी राहून पुस्तकं जाडीवरून निवडत होते. विषय बघायला सवड नव्हती. दोन पुस्तकं अर्धीच झाली होती, ती पूर्ण म्हणून नोंदवली. कुणी तपासत नव्हतं, बक्षीस नव्हतं, तरीही मी खोटं लिहिलं. पुढच्या वर्षी नोकरी लागली. मार्च-एप्रिलपर्यंत त्या पानावर दिसायला लागलं, की तुम्ही ठरल्यापेक्षा इतकी पुस्तकं मागे आहात. दिवसभर एखाद्या पोळलेल्या बाईचा जबाब ऐकून यायचं आणि रात्री हे वाचायचं. मी ते पान उघडायचंच सोडलं.

एवढा अनुभव गाठीशी असून मी वस्तीत तेच का केलं? कारण सोपं आहे. ज्याचा तक्ता होत नाही ते काम झालंच नाही, असं समजायची आम्हा संस्थावाल्यांना सवय लागली आहे. देणगीदारांनी लावली म्हणा, पण आम्हीही लावून घेतली.

तशी ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. पारायण म्हणजे दुसरं काय असतं? सात दिवसांत ज्ञानेश्वरी, सात दिवसांत गुरुचरित्र. रोज किती अध्याय व्हायला हवेत ते आधीच ठरलेलं. अर्थ कळला का, हे कुणी विचारत नाही, पारायण पुरं झालं का, हे विचारतात. आणि गुरुचरित्र बाईने वाचू नये, असंही सांगतात. म्हणजे आव्हान आहे, पण आपल्याला प्रवेश नाही! मात्र पारायणातली आणि व्रतातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बाई पोथी घेऊन बसली की घरात तिला कुणी हाक मारत नाही. दूध उतू गेलं तर दुसरं कुणीतरी उठतं. चातुर्मासात नेम धरला की तो घराला पाळावा लागतो. बायकांनी या नेमांच्या आडून पिढ्यानपिढ्या थोडा थोडा वेळ मिळवला. देवासाठी मागितलेला वेळ मिळतो, स्वतःसाठी मागितलेला मिळत नाही. मला वाटलं, वाचनाचा नेम केला तर घर त्यालाही असंच वचकून राहील. यात मी पूर्ण चुकले नव्हते, पुढे सांगते.

आम्ही ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जन्मदिवशी, संकल्प केला. वर्षात बारा पुस्तकं, महिन्याला एक. मोठ्या कागदावर तक्ता केला, बावीस नावं, प्रत्येकीपुढे बारा चौकटी, आणि तो केंद्राच्या भिंतीवर लावला. पुस्तक संपलं की चौकट रंगवायची. फोटो काढले, गटावर टाकले, फार छान वाटलं.

मार्चअखेर दोन्ही शिक्षिकांच्या सहा-सहा चौकटी भरल्या होत्या. माझ्या चार. पोलीस भरतीवाली मुलगी विचारत होती, "ताई, सामान्य ज्ञानाचं गाईड धरायचं का?" मी म्हटलं, "नाही, ते अभ्यासाचं." तिने मान हलवली. ती रोज पाच तास वाचत होती आणि तक्त्यावर तिच्यापुढे एकच चौकट रंगलेली होती. अंगणवाडीताई म्हणाल्या, "आम्ही दिवसभर मोबाईलमध्ये माहिती भरतो, संध्याकाळी अक्षर नको वाटतं." शिवणकाम करणाऱ्या एकीने तीन चौकटी भरल्या, त्यातलं एक पुस्तक कुठलं ते तिला आठवेना. मी काही बोलले नाही. कोणत्या तोंडाने बोलणार होते?

आणि घरकाम करणाऱ्या सातपैकी पाच जणींच्या चौकटी कोऱ्या. त्यातली एक एप्रिलपासून यायची बंद झाली. मी तिच्या घरी गेले. ती साक्षरतेच्या वर्गात मोठेपणी वाचायला शिकलेली. म्हणाली, "ताई, तुमच्या भिंतीवर माझं नाव हाय आन् पुढं सगळं पांढरं. माझी नणंद आली व्हती तिथं, तिनं बघितलं. आता घरात म्हणत्यात, मग तिथं जाऊन करतीस काय?"

मैत्रिणींनो, समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला पहिला धडा शिकवतात, की व्यक्ती जिथे उभी आहे तिथून सुरुवात करा. त्या धड्यावर मला चांगले गुण मिळाले होते.

ती आली नव्हती, पण वाचत होती. उर्मिला पवारांचं 'आयदान' तिच्याकडे होतं, उशीखाली. रोज दीड-दोन पानं. रेशनच्या रांगेत, नळाला पाणी यायची वाट बघताना. मी विचारलं, इतकं मोठं का घेतलंस? ती म्हणाली, "पैल्या पानावर टोपल्या इणायचं हाय, माझी आय बी इणायची." मी तिला बारा पुस्तकांचं सांगून आले होते, आणि ती एक पुस्तक वाचत होती. पण पुस्तक संपल्याशिवाय आमच्या तक्त्यात काही लिहायची सोयच नव्हती.

त्या रात्री मी बसून जो हिशोब केला, तो जानेवारीतच करायला हवा होता. तुम्हीही मनात करा. बारा पुस्तकं, प्रत्येकी साधारण दोनशे पानं धरली तर चोवीसशे पानं. तीनशे पासष्ट दिवसांनी भागा, रोजची साडेसहा पानं झाली. मला एका पानाला दोन मिनिटं लागतात, म्हणजे रोज तेरा मिनिटं. नव्याने वाचायला शिकलेल्या बाईला एका पानाला दहा मिनिटं सहज लागतात, म्हणजे रोज एक तास पाच मिनिटं. संकल्प एकच, मात्र मला तेरा मिनिटांत पडतो आणि तिला पासष्ट. आणि ज्या बाईला तो पासष्ट मिनिटांत पडतो, तिचाच दिवस चार घरची भांडी घासण्यात गेलेला असतो.

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत दिलं आहे, की घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ त्यात जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. आणि हे ८८ म्हणजे जे पुरुष त्या दिवशी घरकामाला हात लावतात त्यांची सरासरी. जे लावतच नाहीत ते त्यात धरलेले नाहीत. दोन आकड्यांत २०१ मिनिटांचं अंतर आहे. आपण बाईला विचारतो, तू वर्षात किती पुस्तकं वाचलीस? या २०१ मिनिटांबद्दल तिच्या घराला कोण विचारणार?

याचा अर्थ बारा पुस्तकांचा संकल्प वाईट, असं मी म्हणत नाही. ज्यांना वेळ आहे आणि आळस नडतो, त्यांना आकड्याने हुशारी येते. इंग्लंडमध्ये मुलांसाठी १९९९ पासून उन्हाळी सुट्टीत सहा पुस्तकं वाचायचा उपक्रम चालतो. सुट्टीत वाचन तुटू नये म्हणून सहा, तेही ग्रंथालयातून फुकट. तिथे आकडा मुलाच्या हाताला धरून चालतो. आमच्याकडे तो बाईच्या डोक्यावर बसला. दुसरीही एक पद्धत आहे. 'बुक रायट' नावाच्या अमेरिकी मंडळींनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या आव्हानात नुसती संख्या नसते, कुठल्या कुठल्या तऱ्हेची पुस्तकं वाचायची ते सांगितलेलं असतं. त्यावरून आम्ही आता असं ठरवलंय, की गटाने मिळून वर्षात एक तरी पुस्तक दलित बाईचं, एक मुसलमान बाईचं, एक दुसऱ्या भाषेतून आलेलं वाचायचं. गटाने मिळून म्हणजे एकीने वाचून बाकीच्यांना सांगितलं तरी चालतं.

तर, तक्ता आम्ही मे महिन्यात उतरवला. शिक्षिका नाराज झाल्या, त्यांच्या आठ-आठ चौकटी झाल्या होत्या. त्यांचं म्हणणं, कमी वाचणाऱ्यांसाठी जास्त वाचणाऱ्यांनी का थांबायचं? रास्त प्रश्न होता. आम्ही दोन बैठका त्यावर भांडलो. शेवटी ठरलं, की प्रत्येकीला एक वही. आपलं माप आपण ठरवायचं आणि ते आपल्याच वहीत राहील. पुस्तकं मोजायची असतील तिने पुस्तकं मोजावी. पण गटाचा म्हणून एकच नेम, रोज अर्धा तास माझा. त्यात वाचायचं. आणि वहीत रोज दोनच गोष्टी टिपायच्या. आज अर्धा तास मिळाला का, आणि त्या वेळात घरातलं काम कुणी केलं.

दुसरा प्रश्न सुचवला तो आया म्हणून काम करणाऱ्या मैत्रिणीने. पहिल्या महिन्याच्या वह्या आम्ही एकत्र बसून ज्यांना वाटलं त्यांनी वाचून दाखवल्या. जवळपास सगळ्यांचं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकच, 'मीच, नंतर'. म्हणजे अर्धा तास मिळत नव्हता, झोपेतून कापला जात होता. हे लिहून काढेपर्यंत आमच्या लक्षात आलं नव्हतं.

मग घरोघरी बोलणी सुरू झाली. तिथे नेमाचा उपयोग झाला. "गटाचा नेम आहे, मोडता येत नाही," असं सांगितलं की काही घरांत खरंच चाललं. एका घरात मुलगा कुकर लावायला शिकला. एका सासूबाईंनी आधी फार आदळआपट केली. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली आल्या, त्यांत वाचायला शिकणाऱ्या सुनेला घरातल्या बायकांनीच कसं छळलं ते आहे. शंभरावर वर्षं झाली, स्वयंपाकघरं फारशी बदललेली नाहीत. पण या सासूबाईंची गंमत अशी, की सून मोठ्याने वाचायला लागली तशा त्या लसूण सोलत जवळ येऊन बसायला लागल्या. आता त्या विचारतात, "माझीबी वही घालायची का? मी ऐकते की." गटात यावर चर्चा झाली आणि ऐकणं धरायचं ठरलं. गाईडही धरायचं ठरलं. त्या मुलीची मी बैठकीत माफी मागितली.

सगळीकडे कुकर लागला नाही. जूनमध्ये एका मैत्रिणीच्या नवऱ्याने ग्रंथालयाचं पुस्तक पाणी तापवायच्या चुलीत घातलं. अर्धा तास मागितला म्हणून. तिला मारलंही. ती केंद्रात आली ती मारहाणीचं सांगायला नाही, पुस्तकाचा दंड किती होईल हे विचारायला. मी तिला कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याबद्दल सांगितलं, २००५ चा कायदा, संरक्षण अधिकारी, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, मला पुस्तक पायजे, केस नको." मी पुन्हा सांगितलं, तिने पुन्हा तेच. तिच्या निर्णयाच्या पुढे मला जाता आलं नाही. दंड गटाने भरला. ग्रंथालयाच्या माणसाने तिला चारचौघांत 'पुस्तकं सांभाळता येत नाहीत तर नेता कशाला' असं सुनावलं, ते मात्र तिच्या फार लागलं. आता ती केंद्रात येऊन वाचते, घरी नेत नाही. हा विजय धरायचा की हार, मला ठरवता येत नाही. पण एक मी शिकले. घरात वेळ मागायला लावायचा असेल तर आधी विचारायचं, मागितल्यावर काय होईल? ज्यांच्या घरात धोका आहे त्यांच्यासाठी केंद्राची खोली आता दुपारी दोन ते चार वाचायला उघडी असते. दारावर पाटी 'शिवण वर्ग' अशीच आहे, मुद्दाम.

फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसायच्या, आणि माल बांधायला आणलेल्या रद्दीच्या वर्तमानपत्रांतून वाचायच्या. लिहिलेलं नवऱ्यापासून वर्षानुवर्षं लपवून ठेवायच्या. ते पुढे 'स्त्री' मासिकातून आलं आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' म्हणून पुस्तक झालं. आमच्या तक्त्यात रद्दीच्या कागदाला चौकट नव्हती. बेबीताई आमच्या गटात असत्या तर मी त्यांच्याही नावापुढे पांढरं ठेवलं असतं.

ग्रंथालयाबद्दल एक सांगून थांबते, कारण संकल्प करायचा तर पुस्तक आणायचं कुठून, हा प्रश्न आलाच. आमच्याकडचं ग्रंथालय संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. पाच ते आठ आपण कुठे असतो? चुलीपुढे. बहुतेक घरांत सभासदत्व नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर असतं, म्हणजे तो आणेल ते वाचायचं. आम्ही दोन मागण्या लिहून दिल्या. आठवड्यातून दोन दिवस दुपारी उघडा, आणि बायकांची अनामत हप्त्याने घ्या. दुसरी मान्य झाली. पहिलीसाठी अजून खेपा चालू आहेत. तुमच्या गावात शासनमान्य ग्रंथालय असेल तर त्याला सरकारी अनुदान मिळतं. ते आपल्याही पैशातलं आहे, तेव्हा संकोच न करता वेळ विचारायला जा. एकटीने जाऊ नका, पाच-सहा जणी जा.

ती 'आयदान'वाली मैत्रीण आज आली आहे. नाव सांगू नको म्हणाली आहे, म्हणून सांगत नाही. तिचं पुस्तक नोव्हेंबरात संपलं. मी विचारलं, आता पुढचं कुठलं देऊ? तर म्हणाली, "हेच परत. पैल्यांदा निम्मं ध्यान पाण्याच्या नळाकडं व्हतं."

बाहेर टेबलावर वह्या ठेवल्या आहेत. साध्या शंभर पानी आहेत, प्रत्येक गटाने दहा न्याव्यात. पहिल्या पानावर आम्ही काही छापलेलं नाही, आपापलं माप आपण लिहायचं. पुढच्या ३ जानेवारीला परत आणा, आणि ज्यांच्या वहीत 'मीच, नंतर' हेच सगळ्यांत जास्त असेल त्यांनी तर नक्की या. त्यांच्याशीच आधी बोलायचं आहे.